ज्याचं सुतक मला नव्हतं

डिचोली, ८ जून १९८७

चि. शेवंतीस विठूदादाचे आशीर्वाद.

मी बरा आहे, दोन्ही वेळ जेवतो. आईला एवढंच वाचून दाखव.

माझा गिटारवाला मित्र गुरुदास गेला. गोव्याचं घटक राज्य झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला खाणीच्या ट्रकने उडवलं. दोस्तीवरचं ते रॉक गाणं आम्ही दोन वर्षं करत होतो. कोकणी शब्द त्याचे, ड्रम माझे. काल, आठव्या दिवशी, पणजीत रेकॉर्डिंग ठरलेलं होतं. मी त्याच्या आईला म्हटलं, सुतकात कसं वाजवू?

ती म्हणाली, “तुका खंयचें सुतक, विठू? तूं आमच्या कुळांतलो न्हय. वच, ताचें गीत वाजय.”

तू कुळातला नव्हेस, जा, असं मला मोकळं करायलाच बोलली ती. पण लागलं.

गेलो, वाजवलं. गिटार दुसऱ्याने धरली. गाणं चांगलं झालंय म्हणतात.

आईचे गुडघे कसे आहेत? तुझा निकाल लागला का?

बारावा होईपर्यंत मी दाढी करणार नाही. कुणी विचारलं, तर ब्लेड संपलंय म्हणून सांगतो.

तुझा,
विठूदादा