गच्चीवरचं बदक

ता. ३ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. बाळ आठ महिन्यांचा झाला. हाताला लागेल ते तोंडात घालतो आणि माझा जीव टांगणीला लागतो. म्हणून रोज सगळी खेळणी आधी उकळते, मग जंतुनाशकात बुडवते, मग पुन्हा साबणाने धुते. लाकडी खुळखुळ्याचा रंग केव्हाच उडाला. हे म्हणतात, खेळण्यांच्या हात धुऊन मागे लागली आहेस. म्हणू देत. माझी पहिली लेक, छकुली गेल्यावर तिचं रबरी बदक दाबलं, तर पोटातून काळं पाणी आलं होतं. ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

एक गोष्ट ह्यांनाही सांगितलेली नाही. धुतलेली खेळणी मी दुपारी गच्चीत चादरीवर वाळत घालते आणि बाळाला घेऊन जरा आडवी होते. उठून बघावं तर सगळं कोरडं, छकुलीचं बदक तेवढं लाळेने ओलं. चोचीवर दातांच्या खुणा. गच्चीची वाट आमच्याच घरातून आहे, हे कामावर असतात, वर येणार कोण? ताई, मला भीती वाटते आणि बरंही वाटतं.

तुझ्या मायेची भुकेली,
धाकटी

ता. १० मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

पत्र वाचल्यापासून कामात लक्ष नाही. आमच्या बालवॉर्डात आम्ही खेळणी कोमट साबणपाण्यात धुतो, फटी ब्रशने घासतो, विसळून उन्हात वाळवतो. भोकाच्या बदकात पाणी साचून बुरशी धरते, म्हणून तसलं खेळणं ठेवतच नाही. बाकी अति तिथे माती. जंतुनाशकाचा उग्र वास बाळाच्या छातीला सोसायचा नाही.

आणि नीट ऐक. छकुलीचं दुखणं जन्मापासून हृदयाचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी तुझा हात धरून उभी होते. बदकाला बोल लावू नकोस, स्वतःलाही नको. ते टाकून दे.

बाळाला पापा. माया आहेच, ती वेगळी मागू नये.
ताई

ता. १८ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

टाकून कसं देऊ? ती येते, ताई. परवा खुळखुळाही ओला मिळाला, दांड्यावर तशाच दातांच्या खुणा. आता सगळी खेळणी तिचीच. बाळाला एकही देत नाही, त्याचं उष्टं तिला कशाला? तो रिकाम्या हातांकडे बघत बसतो, हल्ली रडतही नाही. ह्यांनी विचारलं की जंतूंचं नाव सांगते.

रागावू नकोस, एवढंच मागणं.
धाकटी

ता. २४ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

रजा मिळताच निघते. तोवर एक कर. छकुलीला एकही दात आला नव्हता, मग त्या खुणा कुणाच्या? लहानपणी तू दुपारच्या झोपेत उठून पाटीवरची पेन्सिल खायचीस आणि जागी झालीस की शपथेवर नाही म्हणायचीस. तेव्हा चिडवायचे, आज नाही चिडवत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. तू बहुतेक आधी स्वतः चाखून बघतेस. त्या खुणांशेजारी एकदा जागेपणी चावून बघ.

काही झालं तरी मी तुझीच आहे.
ताई

ता. ३० मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

खुळखुळ्याच्या दांड्याला चावून बघितलं. माझ्या वाकड्या दाताची खूण जुन्या खुणेशी तंतोतंत जुळली. बाधायचं ते आधी मला बाधावं, असंच मनात असणार. मला आठवत काहीच नाही. वेड लागलं म्हणून घाबरायला हवं होतं, पण मी रडले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. ती आलीच नव्हती. छकुली दुसऱ्यांदा गेली, ताई.

ह्यांना सगळं सांगितलं. बदक त्यांनी टाकलं. बाकीची खेळणी तू सांगितलंस तशी धुतली आणि खुळखुळा बाळापुढे धरला. घ्यावा की नाही, म्हणून तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग हळूच घेतला आणि तोंडात घातला. मी दाराची कडी घट्ट धरून उभी राहिले, पण काढून घेतला नाही.

लवकर ये. दुपारी मी आता झोपत नाही. झोपले आणि उठल्यावर सगळी खेळणी कोरडी मिळाली, तर मला ते बघवायचं नाही.

वाट बघणारी,
धाकटी