बंद खोलीतली शेगडी

बाबा, दिल्लीहून तुमच्या नातीचा फोन आला तेव्हापासून माझं घरात एका जागी चित्त लागत नाही. गॅसवर दूध ठेवते, बाल्कनीत जाऊन उभी राहते, परत येते तोवर दूध उतू गेलेलं असतं. हे विचारतात, तुला झालंय तरी काय? काय सांगू त्यांना? तिचे दिवस भरत आलेत. डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हणून बजावलंय, तेव्हा बाळंतपण तिथेच, आणि मी जायचं ठरलंय. गच्चीवरची एक खोली घेतलीय दोघांनी भाड्याने. तिन्ही बाजूंनी वारा, आणि बाळ येणार ऐन थंडीत. रात्रंदिवस हीटर लावला तर विजेचं बिल परवडायचं नाही म्हणाली. मग हसत म्हणाली, "आई, तुला काय विचारायचं थंडीचं, तू जन्मभर मद्रासला राहिलेली." मी म्हटलं, "विचार, मला माहीत आहे." तिला ती गंमत वाटली.

आता मद्रासला चेन्नई म्हणतात, बाबा. वेस्ट मांबलमचं आपलं पहिल्या मजल्यावरचं घर पाडून तिथे फ्लॅट झालेत. पण मला ते घर दिसतं ते मार्गशीर्षातल्या त्या वादळातलंच. बाळ, म्हणजे तुमची हीच नात, वेळेच्या बरंच आधी आलेलं, इतकं लहान की कुंची घातली की तोंड शोधावं लागे. इस्पितळातून नुकतं घरी आणलं होतं. ऊब द्या आणि अंगावरचं दूध पाजा, एवढंच डॉक्टरीण म्हणाली होती. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झालेली, त्यामुळे बाळंतिणीचं करायला घरात तुम्हीच. सकाळी पंचा कमरेला गुंडाळून तुम्ही माझ्यासाठी डिंकाचे लाडू वळायचा प्रयत्न करत होतात आणि ते फुटत होते. हे रेल्वेच्या कामावर अरक्कोणमला अडकलेले, रुळांवर पाणी आलेलं. वीज पहिल्याच झोडपणीत गेली. भिंती पाझरत होत्या, धुतलेली दुपटी वाळत नव्हती, आणि खिडक्यांच्या फटींतून असा वारा येत होता की मद्रासमध्ये थंडी नसते असं म्हणणाऱ्याला मी तिथे आणून उभं केलं असतं.

दुपारी बाळाने दूध ओढणं सोडलं. पाय हातात घेतले तर गार, ओठ निळसर. तुम्ही रॉकेल मिळतंय का बघायला गुडघाभर पाण्यातून बाहेर पडलेले. मला स्वतःला ताप भरलेला, दात वाजत होते. माझं अंग तिला काय ऊब देणार? मी जिन्यातून हाका मारल्या तशा खालच्या मजल्यावरच्या तमिळ मामी धावत वर आल्या. त्यांनी बाळाला हात लावला आणि एक शब्द न बोलता खाली जाऊन त्यांची कुमुट्टी घेऊन आल्या, कोळशाची शेगडी, चांगली फुललेली. "जन्नलै मूडु," म्हणाल्या. मी खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या, दाराखाली चटई गुंडाळून लावली. खोली तापायला लागली. बाबा, मला इतकं बरं वाटलं! कोळसे लाल होते, धूर नव्हता, बाळ शांत झालं होतं. मलाही गुंगी यायला लागली. मामी म्हणाल्या, डोकं जड झालंय, जरा खाली जाऊन येते.

आणि तुम्ही दारात उभे आहात. अंगातून पाणी गळतंय, हातात रिकामा डबा. शेगडी बघता आणि तुमचा चेहरा असा होतो की मी तो चेहरा आधी पाहिलेला नाही आणि नंतरही नाही. डबा टाकता. ओल्या पंच्याने शेगडीचे कान धरता आणि ती उचलून सरळ बाल्कनीत पावसात भिरकावता. फस्स करून वाफ उठते. मग एकेक करून सगळ्या खिडक्या सताड उघडता. मी ओरडते, "बाबा, काय करताय! गारठून मरेल ती!"

"गारठ्याला वेळ लागतो," तुम्ही म्हणता. "याला लागत नाही."

तुमचा आवाज कधी चढत नसे. तेव्हाही चढला नव्हता. तुम्ही मला बाळासकट बाल्कनीच्या दाराशी बसवलंत, बाळाच्या तळव्याला टिचक्या मारत राहिलात. बऱ्याच वेळाने ती रडली, मांजरीच्या पिलासारखी. मग तुम्ही घाई न करता कामाला लागलात. मोठी खोली सोडून दिलीत. "एवढी खोली तापवायची कशाला? बाळापुरती ऊब पुरे." स्वयंपाकघराशेजारची ती बिनखिडकीची छोटी खोली रिकामी केलीत, पलंग बाहेरच्या भिंतीपासून आत ओढलात, गादीखाली वर्तमानपत्रं घातलीत, दाराला आईचं जाड लुगडं पडद्यासारखं बांधलंत आणि वरचा झरोका मुद्दाम उघडा ठेवलात. अंग कोरडं पुसून बसलात, सदरा न घालता. बाळाचे कपडे काढून तिला छातीवर पालथी घेतलीत, डोक्याला टोपरं, वरून मऊ धोतराची घडी आणि त्यावर तुमचं ते घोंगडं, ज्याला मद्रासमध्ये सगळे हसायचे. "आमच्याकडे धनगर दुबळं कोकरू असंच जगवतात," एवढंच म्हणालात.

माझा राग गेला नव्हता. मी म्हटलं, "सगळ्या बाळंतिणींच्या खोलीत शेगडी असते बाबा. तुमच्या गावालासुद्धा असेलच की."

तुम्ही बाळाच्या पाठीवरचा हात हलवला नाहीत. "होती ना. माघ महिना होता. दारं-खिडक्या लावून सुईणीने शेगडी ठेवली. सकाळी दार उघडलं तर तुझी आई उठेना. ओढून अंगणात आणली तेव्हा शुद्धीवर आली." दुसऱ्या हाताने टोपरं सारखं केलंत. "बाळ नाही आलं."

मी तुमची एकुलती एक मुलगी. लहानपणापासून हेच ऐकलेलं, हेच सांगितलेलं. "कधी?" मी विचारलं. "तुझ्या आधी," म्हणालात. "तुझ्या आईपाशी कधी बोललो नाही. ती माझ्यापाशी बोलली नाही." तेवढ्यात बाळाने तोंड हलवायला सुरुवात केली, तुमच्या छातीवर शोधायला लागली, आणि तुम्ही एकदम हसलात. "घे, भूक लागलीय हिला. माझ्यापाशी काय मिळणार?" मी तिला घेतलं. तिने ओढलं. त्या घोंगड्याची लोकर मला टोचत होती आणि मी रडत होते, आणि पुढचं विचारायचं राहून गेलं.

मग राहूनच गेलं. वादळ ओसरलं, हे परत आले, बाळ बाळसं धरायला लागलं. ती शाळेत जायला लागली तेव्हा तुम्ही तिचं बोट धरून मांबलम स्टेशनपर्यंत गाड्या बघायला न्यायचात. मी मनात ठरवायची, आज विचारते. तुम्ही पेपर वाचत असायचात, पाय हलवत, आणि मला वाटायचं, राहू दे. आणि एका उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

तर त्या फोनवर मी तुमच्या नातीला तुमचे सगळे उपाय सांगितले. पलंग आत ओढ, गादीखाली कागद घाल, दाराला जाड पडदा लाव, बाळाला उघड्या अंगावर घे, नवऱ्यालाही घ्यायला लाव. ती "हो, हो" करत होती. मग म्हणाली, "मालकीणबाई त्यांची अंगीठी देणार आहेत. इथे सगळे कोळसेच लावतात, फुकटात खोली तापते." मी म्हटलं, "नाही. अजिबात नाही." म्हणाली, "का पण?" मी म्हटलं, "नाही म्हणजे नाही." तिने जरा चिडून फोन ठेवला.

तेव्हापासून ही येरझार. नुसतं नको म्हटलेलं कोण ऐकतं? मी तरी ऐकलं असतं का? शेवटी आज सकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले आणि तिला सांगितलं. तुमच्या गावची ती खोली, माघ, अंगणात आणलेली आई, सगळं. ती म्हणाली, "अंगीठी नाही आणणार गं. शप्पथ." मला हायसं वाटलं, पैसे द्यायला मी पर्स उघडली, तेवढ्यात तिने विचारलं, "आई, तो मामा होता की मावशी?"

हे कागद कुठे धाडायचे नाहीत हे मला कळतं. पण कुणाला तरी सांगायला हवं. ठाऊक नाही असं माझ्याच्याने म्हणवलं नाही, बाबा. मावशी, असं मी म्हटलं. मला बहीण हवी होती.