दात सुटे ठेवा

३ फेब्रुवारी २०२५
इडली खाताना पुढच्या दाताचा तुकडा पडला. मऊ इडली!
जयनगरच्या डॉक्टर भूमिकांनी तोंड बघितलं. सगळेच दात झिजून निम्मे झालेत म्हणे. "अम्मा, तुम्ही दात आवळता. झोपेत, दिवसापण. किती वर्षं?"
ठाऊक नाही म्हटलं. खोटं. पाच वर्षं.

११ फेब्रुवारी
सगळ्या तोंडाचं काम करायचं. आधी काही महिने प्लेट लावायची, जबडा सैल पडला की प्रत्येक दातावर कॅप. मूळ आकार कळायला हसतानाचा जुना फोटो मागितलाय.
शोधला. अभिराज इंजिनियर झाला त्या दिवसाचा मिळाला. मी तोंडभर हसतेय, शेजारी माझा लेक. तो गेल्यानंतरचा माझा हसरा फोटो एकही नाही.
यांनी लांबूनच पाहिला आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. सकाळीच घातलं होतं.

२ मे
"ओठ मिटा, पण दात सुटे ठेवा," भूमिका दरवेळी सांगतात. सुटे ठेवले की रडू येतं. हे त्यांना कसं सांगू?

१९ जुलै
तात्पुरत्या कॅप बसल्या. स आणि श नीट येत नाहीत. अभिराज येतं. घरात कोणी नसताना म्हणून पाहिलं.

६ सप्टेंबर
आज कायमच्या कॅप. आरशात फोटोतली मी. भूमिका खूश — "आता स्वल्प हसा की, अम्मा."
मला हुंदकाच फुटला. त्या घाबरल्या, दुखतंय का विचारलं. मग कोणालाच न सांगितलेलं सांगून टाकलं. अभिराज इलेक्ट्रॉनिक सिटीत खोली घेऊन राहायचा. बुधवारी त्याचा फोन आला, "आई, ताप उतरत नाही. येतेस?" मी म्हटलं, गोळी घे, रविवारी येते. डेंग्यू होता. शुक्रवारी गेला.
त्यांनी माझा हात धरला. "हे घरी सांगा, अम्मा."
त्यांच्याच भाषेत "सरी", बरं, म्हटलं. घरी आले आणि भाजी चिरत बसले.

७ सप्टेंबर
दुपारी जेवणं झाल्यावर यांना सांगितलं. ताटं उचलायला उठले, परत बसले.
"मलाही फोन केला होता त्यानं, हेमा. गुरुवारी, दोनदा. मी मीटिंगमध्ये होतो. उचलला नाही."