लॅपटॉप बंद करू नये

३ मे, शनिवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची सुरुवात लिहिलेली बरी. समाजाच्या वधू-वर मेळाव्याचं सॉफ्टवेअर मी करतोय. फुकट. मेळाव्याचे सेक्रेटरी गिरधरनाना धुळ्याहून फोनवर म्हणाले, कुंदन, तू शेस म्हनीसन व्हई राह्यनं. मी आहे म्हणून होतंय म्हणे. अजून झालेलं नाही, पण होईल.
डेटाबेस माझ्याच लॅपटॉपवर, कंटेनरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या एका तात्पुरत्या डब्यात. सुरू करताना एक ऑप्शन दिला : कंटेनर बंद झाला की आतलं सगळं आपोआप साफ. टेस्टिंगला हेच बेस्ट. मागे कचरा नको.

४ मे.
नानांना लिंक पाठवली. फक्त बघा म्हणालो.

९ मे.
घात झाला. नानांनी लिंक बघितली नाही, वापरली! धुळ्यात दोन बायका बसवून सगळे फॉर्म भरून घेतले. मोजल्या : सहाशे बारा नोंदी, माझ्या टेस्टिंगच्या डेटाबेसमध्ये. शांतपणे सांगितलं, नाना, कागद जपून ठेवा. नाना म्हणाले, बठ्ठं कॉम्प्युटरमा शे ना आते? कागद रद्दीमा दी टाकात.
म्हणजे लॅपटॉप बंद पडला की समाजातली सहाशे बारा लग्नाळू पोरं-पोरी गायब. मेळावा पंचवीसला.
घाबरायचं कारण नाही. लॅपटॉप बंदच करायचा नाही.

१० मे. ४४ डिग्री.
बॅटरी जुनी, वीस मिनिटं टिकते. इन्व्हर्टर फक्त लॅपटॉपला. पंखा नाही. आई म्हणाली, तो लॅपटॉप शे का बाळंतीण? दुर्लक्ष केलं.
दर तासाला स्क्रीनवर विचारणा : अपडेट आहे, रीस्टार्ट करू? नको रे बाबा. अंघोळसुद्धा दार उघडं ठेवून केली.

१३ मे.
संकल्प : बॅकअप. नेटवर म्हणे एका ओळीची कमांड आहे, चालू डेटाबेसमधून कॉपी निघते. इतकं सोपं असतं तर मला माहीत नसतं का? आठ वर्षं या फील्डमध्ये आहे. कुणाला विचारणं तर शक्यच नाही. घाई नको.

१८ मे, रविवार.
एरंडोलला मुलगी बघायला जायचं होतं. चौतिसाव्या वर्षी आलेलं स्थळ, आई दोन महिने मागे लागली होती. लॅपटॉप सोडून कसा जाणार? आई आणि काका गेले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, मुलगा कुठंय? आईने सांगितलं, लॅपटॉपजवळ. कळवतो म्हणाले. सूर चांगला नव्हता असं आईचं मत. आईला कॉर्पोरेट भाषा कळत नाही.
शर्टला इस्त्री करून ठेवली होती. मला जायचं होतं. फार वाईट वाटलं. पण एकाच्या लग्नासाठी सहाशे बारांची मोडायची का?

२० मे. दुपारी.
लाईट गेली. दोन तासांनी इन्व्हर्टर शिट्ट्या मारायला लागला. शेजारी हबीबभाईंचं वेल्डिंगचं दुकान, त्यांच्याकडे जनरेटर. लॅपटॉप पोटाशी धरून पळालो. त्यांनी विचारलं, इसमें ऐसा क्या है? म्हणालो, छेसौ शादियां. बिचाऱ्यांनी वेल्डिंग थांबवलं आणि खुर्ची दिली.
पाच वाजेपर्यंत जळक्या लोखंडाच्या वासात बसलो. जेलमध्ये निदान तारीख तरी मिळते.

२२ मे.
नानांच्या मुलीचा, डिंपलचा, फोन. ती धुळ्यात घरून सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. पुस्तिका छापायला नोंदी हव्या होत्या. मी परिस्थितीची गुंतागुंत पंधरा मिनिटं समजावली. ती म्हणाली, एक ओळ पाठवते, चालवा.
चालवली. चार सेकंद लागले. सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये. फाइल तिला पाठवली. ती म्हणाली, हे नऊ तारखेलाच झालं असतं. म्हणालो, हो, पण डेटा आधी स्थिर होऊ द्यायचा असतो. तिने फोन ठेवला. पटलं असणार.
तेरा दिवसांच्या पहाऱ्यानंतर लॅपटॉप बंद केला. पंखा लावला.
डिंपलचा आवाज चांगला आहे. अविवाहित आहे, नोंद ४०७. संकल्प : मेळाव्यात ओळख वाढवणे. मी पहिल्याच दिवशी भरलेली माझी माहिती पुस्तिकेत ती वाचेलच.

२५ मे, रविवार. धुळे.
मेळावा जोरात. पुस्तिका मिळाली. वरांच्या यादीत माझं नाव नाही. तीनदा बघितलं. एकूण नोंदी सहाशे अकरा.
डिंपलला गाठून विचारलं. ती म्हणाली, तुमच्या नावाची एक होती ना. वय एकोणतीस, उंची सहा फूट, पगार महिना दोन लाख, छंद गिर्यारोहण. मागच्या मेळाव्यात तुम्हाला पाहिलंय मी. नाव सोडलं तर काहीच जुळेना. वाटलं, टेस्टिंगसाठी टाकली असेल, म्हणून काढून टाकली. का हो, खरी होती का?
म्हणालो, छे, टेस्टिंगचीच होती.