लसणीला धूर

सर्वण, ३ मार्च १९८७
सकाळी सगळ्यांची विचारपूस झाली. लेकाचा, रुद्रेशचा, ताप उतरला. वर्षाची, सुनेची, कंबर तशीच. गाय चारा खाते. माझा गुडघा बरा म्हणायचा. अंगणापलीकडे धाकटी जाऊ शालिनी दोन दिवस खोकते आहे – तिला कोण विचारणार? डिसेंबरपासून बोलणे नाही. गोव्याची भाषा कोंकणी की मराठी हा वाद पेटला तेव्हा मी मराठीच्या सभेला गेले. ती म्हणाली, "चुलीकडे कोंकणी उलयतात आनी वहीत मराठी बरयतात. वयनी, तुमचें खरें तोंड खंयचें?" शाळा न बघता अक्षरे जुळवायला शिकले मी. बोलते एक, लिहिते दुसरे म्हणे! लागले ते.

लसूण आज उपटली. माती नुसती झटकली, धुवायची नसते. माहेरचे, हळर्णचे बी हे. आईने लग्नात ओटीत घातलेले. चव्वेचाळीस वर्षे तुटू दिले नाही.

७ मार्च
लवकर सुकावी म्हणून वर्षाने लसूण उन्हात नेऊन पसरली. "अगो, उन्हात शिजते ती," म्हणत पडवीत सावलीला आणली.

२० मार्च
पात कागदासारखी वाळली. नऊ वेण्या घातल्या. दरवर्षी शालिनी टोक धरायची, मी वळायची. यंदा टोक खिडकीच्या गजाला बांधले. गज टोमणे मारत नाही, पण गप्पाही मारत नाही.

१२ एप्रिल
रुद्रेशने गॅस आणला. चूल काढून ओटा बांधला. "आई, धुराने डोळे गेले तुझे." लेकराची माया. चहा पटकन होतो. वेण्या जुन्याच जागी, वाशाला टांगल्या आहेत.

३० मे
गोवा राज्य झाले. वर्षाने शिरा केला. पलीकडूनही शिऱ्याचा वास आला.

१६ जून
काय करून बसले मी! वेण्या चाचपल्या तर गड्डे मऊ, बुरशी धरलेले. वाशाखाली चूलच नाही, तर धूर कुठला? धुरावरच तर लसूण पावसाळा काढते. इतकी वर्षे टांगते आहे आणि हे सुचू नये? चार वेण्या टाकल्या. उरलेल्या पाच गेल्या की आईचे बी संपले.

१७ जून
वेण्या पदराखाली घेऊन शालिनीच्या दारात उभी राहिले. "आमची चूल गेली. तुझ्याकडे धूर..." एवढेच जमले. तिने माझ्याकडे नाही, वेण्यांकडे पाहिले.
"सैल वळल्यात. टोंक कोणें धरिल्लें?"
"गजाने."
तोंड फिरवून हसली. "हाडात हांगा." आणा इकडे म्हणत दारातच हातातून घेतल्या. आत ये म्हणाली नाही.

५ सप्टेंबर
अंगणातून थोडे बोलणे होते. तिचा खोकला वाढला आहे असे वर्षा म्हणते. मी विचारले नाही. तिच्या कौलांतून रोज तिन्हीसांजेला धूर निघतो. बघून जीव थंड होतो.

९ नोव्हेंबर
लावणीसाठी वेण्या आणायला गेले. शालिनी देवळात गेलेली. तिच्या सुनेने, सिद्धीने, स्वयंपाकघरात नेले. ओट्यावर गॅस! "हा कधी आणला?" मी विचारले.
"चवथीक हाडलो," सिद्धी म्हणाली. "रांदप सगळें गॅसाचेर. चूल फकत सांजेची, तुमच्या लसणीक. आई खोंकत बसता थंय. सांगूं नाका म्हणलां तिणें."
पाचही वेण्या घरी आणल्या. कोरड्या, कडक.

१० नोव्हेंबर
हे पान फाडून पलीकडे पाठवते. सिद्धी वाचून दाखवील.
शालिनी, खोंकली कशी आसा गो? आयज चूल पेटोवं नाका. बेगीन कळय.