पारधीचं गाऱ्हाणं

तीर्थरूप बाबांच्या पायांशी,

मस्कतमध्ये माझं बरं चाललं आहे. जेवणही आता अंगी लागतं.

शिमग्याच्या पारधीचं आपल्या आरोहीने फोनवर सांगितलं. शिकारीला रानात निघण्यापूर्वी तुम्ही देवळात दरवर्षीचं गाऱ्हाणं घातलंत, "रानातल्या जिवांची राखण कर, महाराजा!" सगळे ओरडले, "व्हय महाराजा!" तेव्हा तुम्ही बंदूक खाली ठेवलीत आणि म्हणालात, "आता तुमीच व्हय म्हटलात. मगे मारूचा कोणाक?"

मी हसलो. लहानपणापासून मीही ते ओरडत आलो, पण त्याचा अर्थ तुम्ही ऐकलात.

गणपतकाका भडकले म्हणे, "रामा, पणज्याचो मान सोडतंस? डुकरां भात खातत, त्येचा काय?" त्यांचंही खोटं नाही. ते अजून ओट्यावर येतात का? आई काय म्हणते? यंदा भात राखायला एकटे जाऊ नका.

बंदुकीचा पहिला बार उडवण्याचा मान आता दुसऱ्या घरी देतील, असं आरोही म्हणाली. तुमच्यामागे तो माझ्याकडे यायचा होता. देऊ देत.

फोन ठेवल्यावर मी खोलीत मोठ्याने म्हणालो, "व्हय महाराजा!" शेजारच्या खाटेवरचा केरळचा माणूस दचकून उठून बसला.

आईला नमस्कार.

तुमचाच,
स्वरूप