हिरवी वायर आणि अक्काचं दार

सोलापूर, ता. १२ जानेवारी

ती. चांगुणाअक्कास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं ऐकणं गेल्यापासून फोन सुटला आणि पत्रं सुरू झाली. माझं अक्षर सुधारलं, एवढाच काय तो फायदा. परवा शेजारची बसम्मा तुझी कडी वाजवून दमली, तू परसात भांडी घासत होतीस. घाबरून तिनं रत्नदीपला पुण्याला फोन केला. तो म्हणतो, आईला दार वाजलेलं कळत नसेल तर घर बंद करून तिला इकडं घेऊन येतो. लेकाची काळजी खोटी नाही. पण तुला वळसंग सोडायचं नाही, हेही मला ठाऊक आहे.

म्हणून एक पत्र्याचा डबा पाठवतो आहे. भंगारात निघालेल्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय आहे. घरातली वीज घेऊन तो बारा व्होल्ट देतो. त्याच्या पिवळ्या-काळ्या वायरीवर एलईडीच्या पट्ट्या जोडल्यात, एक स्वयंपाकघरात, एक पडवीत, एक परसात. कुणी दारावरचं बटण दाबलं की तिन्ही पेटतील. हिरवी वायर अर्थिंगची, ती डब्याच्या अंगालाच स्क्रूनं आवळली आहे. माझं काम कच्चं नसतं. डबा मात्र उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आत झटका साठून राहतो.

पायाचं प्लास्टर निघालं असतं तर मीच आलो असतो. माझ्या हाताखालचा अजिनाथ येऊन बसवून देईल.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा, त्रिंबक


वळसंग, ता. २० जानेवारी

चि. त्रिंबकास,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

डबा बसला. बसम्मानं बटण दाबलं आणि माझ्या चुलीपुढं लख्ख उजेड पडला. दार उघडलं तर ती बयाच रडायला लागली. मग सारी गल्ली बटण दाबून गेली. शेवटी मला सांगावं लागलं, की ही काय जत्रा न्हाय. लई बरं वाटलं बघ.

पण मांजर त्या डब्यावरून हलंना. हात लावून बघितलं तर डबा सदा कोमट, आणि तळहाताला थरथर लागते. बसम्मा म्हणते, तो दिवसरात्र गिरणीसारखा घरघरतोय. मला काय कळणार?

रविवारी रत्नदीप आला. डबा बघून आधी हसला, मग तोंड बारीक केलं. पाटीवर लिहून दाखवलं, की मामांनी हिरवी वायर चुकीची जोडली. डबा असाच सतत चालला तर एक दिवस जळेल, आणि दारावर कुणी आलं तरी पट्ट्या पेटायच्या न्हाईत, मला कळायचंही न्हाय. त्यानं प्लगच काढून टाकला. आता सामानाला खोकी घेऊन मला पुण्याला न्यायला येतो म्हणालाय. तू फुगून बसू नकोस, काहीतरी कर की. मला जायचं न्हाय रे.

माया आहेच.
तुझी, अक्का


सोलापूर, ता. २६ जानेवारी

चि. रत्नदीप यास,
जयभीम व आशीर्वाद.

तुझ्या आईनं नको म्हटलं तरी मी फुगलो होतो. कुणाकडं न शिकता अर्ध्या पेठेचं वायरिंग केलं, आणि मला हिरवी वायर शिकवतोस! मग दुसरा भंगार सप्लाय पुढ्यात घेतला. हिरवी मोकळी सोडली, डबा गप्प. काळीला टेकवली, आतला पंखा फिरला. सोडली, थांबला. तुझंच बरोबर आहे. घराच्या वायरिंगमध्ये हिरवी म्हणजे अर्थिंग, पण या डब्यात ती डब्याला उठवायची, म्हणजे चालू करायची वायर. डब्याचं अंग आणि काळी वायर एकच, त्यामुळं मी तिला स्क्रूनं आवळून डब्याला झोपच येऊ दिली नाही.

पण तू चूक दाखवलीस म्हणूनच पुढचं सुचलं. आता दारावरचं बटणच हिरव्या आणि काळ्या वायरींमध्ये घातलं आहे. दाबलं की डबा जागा होतो, पट्ट्या पेटतात, सोडलं की सगळं शांत. बटण जरा धरून ठेवावं लागतं, तशी चिठ्ठी दाराला लावली आहे. अजिनाथनं काल काम पुरं केलं.

मामानं भाच्याचे आभार मानले तर अक्का दोघांनाही हाणेल. तरी मानतो, मनापासून. आता एकच मागणं. न्यायला येशील तेव्हा न कळवता ये आणि आधी बटण दाब. दार उघडलं नाही तर पुण्याला जायला अक्काची समजूत मी घालतो.

तुझा, त्रिंबकमामा


पुणे, ता. ३ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. जयभीम.

एरवी मेसेज केला असता, पण तुमच्या पत्राला उत्तर पत्रानंच द्यायला हवं.

काल दुपारी न कळवता गेलो. खोकी गाडीत होती. बटण दाबून धरलं. खिडकीतून पडवी उजळलेली दिसली, आणि आई परसातून साबणाच्या हातांनी आली. मला बघून तिचा चेहराच उतरला. न्यायला आलास व्हय, म्हणून विचारलं. मी पाटी घेतली. ती तशीच चौकटीत उभी, माझ्या हाताकडं बघत.

मामा, आईला काही झालं तर, या भीतीनं मी तिचं घर बंद करायला निघालो होतो. तुम्ही चुकलात, पण हात झटकून मोकळे नाही झालात, चूक दुरुस्त केलीत. हे मी विसरणार नाही.

मग पाटीवर लिहिलं, की जेवायला आलोय. तिनं ते दोनदा वाचलं आणि पिठाचा डबा काढला. भाकऱ्या खाऊन निघालो. खोकी बसम्माला दिली, तिला कांदे भरायला हवीच होती.

तुमची माया अशीच असावी.
आपला, रत्नदीप